अदमास

वडगावात नीलव्वा ढवळीचं घर म्हणजे एक खोली,
खोलीत खड्डा, खड्ड्यात तिचे पाय,
पायांच्या वर माग.
उजेड येतो तो फक्त दारातून
आणि येतो तेव्हा सगळा एकदम येतो,
जत्रेच्या पाहुण्यांसारखा, चपला न काढता.

मी पासपोर्ट फोटोवाला.
अठरा वर्षं पांढऱ्या पडद्यापुढं माणसं बसवली:
हनुवटी वर, कान दिसू देत, हसू नका.
एकाच उजेडात अख्खं शहापूर.
आता ते काम लोक फोनवरच उरकतात,
दुपारी माझे हात मोकळे.

ट्रायपॉडचा एक पाय आखूड.
नीलव्वानं हाताला लागली ती कांडी दिली, खाली सारायला.
"काय करालैस गा?"
म्हटलं, एकच फोटो तीनदा काढायचा.
"पहिले दोन बिघडणार म्हणून?"
यावर उत्तर नव्हतं.
म्हटलं, अदमास आहे, मावशी.
मधे चार-चार स्टॉपचं अंतर ठेवलं.
पुस्तकात दोन म्हणतात,
पण हे दार पुस्तकातलं नव्हे.

पहिला, सेकंदाचा पाचशेवा भाग.
दारात गल्ली उभी राहिली:
किराणा दुकानाची पाटी, वर कन्नड, खाली मराठी,
मराठीवरून डांबराचा जुना ओघळ,
सायकलच्या घंटीवर टिचभर ऊन.
आत घर नाही, माग नाही.
नीलव्वा नाही.

दुसरा, तिसावा भाग.
इकडचं थोडं, तिकडचं थोडं,
निवाड्यासारखं,
कुणीच खूश नाही.

तिसरा अर्धा सेकंद.
मागावर अर्धा सेकंद म्हणजे फार.
"अल्लाडब्याड्री," मी म्हटलं.
"हात थांबला की सूत सैल पडतंय," ती म्हणाली, मराठीत,
आणि धोटा फेकला.
खोली वर आली, विहिरीतून बादली यावी तशी:
चुलीमागची काजळी, खुंटीवरची रेशनची पिशवी,
गेलेल्या नवऱ्याचा फोटो,
मीच काढलेला, दोन्ही कान दिसणारा.
दारात मात्र निव्वळ पांढरं.
पाटी गेली,
कुठल्या भाषेतली आधी गेली तेही कळेना.

रात्री दुकानात तिन्ही एकावर एक घातले.
संगणकानं विचारलं, भुतं काढू?
जे हललं त्याला तो भूत म्हणतो.
काढली तर तिचा हात मनगटापासून जाई.
ठेवली तर दोन हात,
एक धोटा सोडताना,
एक नुसता धूर.
ठेवली.

सकाळी चारी कागद तिच्या मांडीवर.
जोडलेला तिनं लांब धरला, जवळ धरला,
तिरपा करून पाहिला.
मी वाट बघत राहिलो, परीक्षेला बसल्यागत.
"सगळंच दिसालंय की ह्यात.
मग दुपार कुठं गेली?
आणि आतलं माणूस बाहेर बघतंय,
तवा त्याला चूल दिसती व्हय?"
हाताबद्दल काही बोलली नाही.
मग तिसरा उचलला, दार जळून गेलेला,
जो मी फेकणारच होतो.
"हे बरोबर आलंय.
गेल्या दिवाळीपासनं मला असंच."

मी दाराकडं पाहिलं.
किराणावाला शिडीवर चढून पाटी पुसत होता, स्पष्ट, रेखीव,
बनियनला पडलेल्या भोकासकट.
"कोण हाय तिथं?" तिनं विचारलं.
मी दवाखान्याचं काढलं,
मोतीबिंदूचं, फुकट शिबिराचं,
तारीखसुद्धा सांगितली.

"ते ऱ्हाऊ दे. माझी कांडी?
लाल. काठाची."
कांडी माझ्याच पिशवीत,
ट्रायपॉडच्या पायाला चिकटलेली,
आणि रात्रभर साडी काठाशी अडलेली.
मी काढून दिली, शरमून.
तिनं ती बोटांत एकदा फिरवली,
सुताचं टोक शोधलं,
कागदांकडं, माझ्याकडं, दाराकडं
कुठंच न बघता.